गल्लीचं पोट विचारणारी भिमाक्का

भिमाक्काला कुणी रामराम घातला तर ती लगेच रामराम म्हणायची नाही. चालता चालता थांबायची, समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघायची आणि विचारायची, "सकाळी पोट साफ झालं का?" समोर पाटील असो, देवळातला पुजारी असो, नाहीतर कुणाचा नवा जावई असो, उत्तर मिळाल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. "व्हय आक्का, झालं," असं कानावर आलं की मान हलवायची. "बेस. आता रामराम."

निर्णा गावात माझ्या सासरच्या घराच्या भिंतीला तिच्या घराची भिंत लागून होती. तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी कागद उर्दूत यायचा, घरात मराठी चालायची आणि हुमनाबादच्या बाजारात कानडी लागायची. भिमाक्काला तिन्ही भाषा येत, आणि तिन्ही भाषांत ती हा एकच प्रश्न विचारी.

ती जातीची धनगर. उंच, काळी, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. खांद्यावर घोंगडं आणि हातात लोकरीची टकळी. चालताना सूत काते, भांडतानाही काते. भांडण रंगात आलं की सूत बारीक निघतं असं ती सांगायची. तिचा नवरा माझ्या लग्नाआधीच वारला होता. घरात मुलगा बिरू, सून सुंदरा आणि साठ-सत्तर मेंढरं. त्यात एक दांडगा एडका होता, त्याचं नाव तिने नवाब ठेवलं होतं. त्या काळात असलं नाव ठेवायला छाती लागायची. लोक म्हणत, "आक्का, कुणी ऐकलं तर?" ती म्हणायची, "ऐकू द्या की. मी त्याला चारा घालायलेय, शिव्या थोड्याच द्यायलेय?"

माणसांच्या पोटाची तिला एवढी काळजी का, असं मी तिला फार दिवसांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "मेंढरं सकाळी उठली की आदी खाली बगायचं, लेंड्या कशा हायत. मोकळ्या हायत का चिकटून गोळा झालाय, वल्या हायत का खडकावानी. मग वर मेंढराकडं बगायचं. खालीच समदं लिवलेलं असतंय. माणसाचं मातर बगाया मिळत न्हाई. मग इचारावंच लागतंय की."

माझी आणि तिची ओळख झाली तीही पोटावरूनच. आमच्या मामाने माझं लग्न उशिरा केलं होतं, वयाच्या विसाव्या वर्षी. मी उदगीरला त्याच्याकडे राहून चौथी शिकले होते, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. मामाच्या परसात आडोसा होता. इथे निर्ण्यात गल्लीतल्या बायका उजाडायच्या आत मिळून निवडुंगाच्या कुंपणामागे जात. तिथे ओळीने बसत, हसत, आपापल्या सासवांच्या तक्रारी सांगत. मला ते जमेना. दहा जणींच्या ओळीत कसं बसायचं? मी डोकं दुखतंय म्हणून घरातच राहू लागले. मग एक युक्ती सुचली. पाणीच प्यायचं नाही. पाणी नाही, तर जाणंही नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भूक मेली. चौथ्या दिवशी पोट गच्च झालं आणि तोंड कडू पडलं. पाचव्या दिवशी तव्यावरच्या भाकरीचा वास आला आणि मला उमासे आले. सासूबाईंनी ते बघितलं मात्र, त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी चिंचेचा गोळा आणून माझ्या हातावर ठेवला आणि डब्यातली साखर वाटीत घेऊन शेजारी निघाल्या. पहिलं घर भिमाक्काचं.

वाटी तशीच हातात, सासूबाई तिच्या मागोमाग परत आल्या. भिमाक्का माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या ओठांवरून बोट फिरवलं, जीभ बाहेर काढायला लावली, पोट एका हाताने दाबलं.

"नांदाया येऊन किती दिस झाले हिला?"

"पंदरा," सासूबाई म्हणाल्या.

"पंदरा दिसात उमासे? काय गं तुझी घाई!" मग माझ्याकडे वळली. "खरं सांग, पाणी कवापासनं सोडलंस?"

मी खाली बघतच म्हणाले, "पाच दिवस झाले." तिने मान हलवली आणि सासूबाईंना म्हणाली, "साखर ठेव डब्यात. आत लेकरू न्हाई. तुझ्याच भाकरी हायत, पाच दिसाच्या."

सासूबाई रागावतील असं मला वाटलं, पण त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की वाटीतली साखर सांडली. भिमाक्काने मला कोमट पाणी घोट घोट करून पाजलं. रात्रीच्या दुधात एक पळी एरंडेल दिलं आणि बजावलं, "हे आजच्यापुरतं. उद्या मागायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला ती मला बायकांच्या वाटेने न नेता तुरीच्या शेताकडे घेऊन गेली. मला आत पाठवलं आणि स्वतः बांधावर पाठ करून सूत कातत बसली.

"मी हितं हाय. कुणी आलं तर हाकलते. जोर करू नगं, घाई करू नगं. तुजा मामा काय म्हनायचा, मामी काय रांदायची, ते आठवत बस."

मामीची आमटी आठवता आठवता माझी सुटका झाली. खरं सांगते, लग्नात अंगावर शालू पडला तेव्हाही मला एवढं सुख झालं नव्हतं.

त्या बांधावर तिने मला जे सांगितलं ते मी पुढे माझ्या मुलांना सांगितलं. उठल्या उठल्या कोमट पाणी प्यायचं, मग चालायचं. रोज त्याच वक्ताला त्याच वाटेने जायचं, झालं तरी आणि नाही झालं तरी. ज्वारीची भाकर आणि पालेभाजी सोडायची नाही. "आन आलेली कळ परत लावायची न्हाई. दारातनं परत लावलेला पावना रुसतो. मग बोलावून बी येत न्हाई." एक दिवस चुकला तर घाबरायचं कारण नाही, पाणी वाढवायचं. पण रोजच्यापेक्षा उशीर होत चालला, खडे पडू लागले, भूक गेली, तर तेव्हाच जागं व्हायचं. "पोट फुगलं, वारा बी सरंना, आन वर ओकारी लागली, तर वरनं कायबी पाजायचं न्हाई. गाडी जुंपायची आन दवाखाना गाठायचा."

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, दर चार दिवसांनी जुलाबाची पुडी घेत. एका पुडीने भागेना तेव्हा दोन घेऊ लागले. भिमाक्काने एकदा ओट्यावरून त्यांना विचारलं, "दादा, चाबकाबिगर हलत न्हाई असा बैल तुमी बाजारातनं आनाल का?" मामंजी म्हणाले, "खुळा हाय का मी?" ती म्हणाली, "मग आपल्या पोटाला कामून चाबकाची सवय लावायलाव?" मामंजींनी महिनाभर तिच्याशी बोलणं सोडलं, आणि त्याच महिन्यात पुड्याही सोडल्या. पहिला आठवडा ते घरात सगळ्यांवर खेकसत होते. नंतर एक दिवस आंघोळ करताना गुणगुणताना ऐकू आले.

राग आणि पोट यांचं नातं तिला पक्कं माहीत होतं. एकदा पाहणीला गिरदावर, म्हणजे महसुलाचा साहेब, आला. चावडीत खुर्ची टाकून बसला तो उठेचना. येईल त्याला झापायचा. शेतकऱ्यांचे कागद उलटेसुलटे बघून फेकून द्यायचा. पाटलाच्या घरून त्याला दोन्ही वेळा पुलाव आणि मटण जायचं. तिसऱ्या दिवशी भिमाक्काची मेंढरं चावडीवरून निघाली, आणि नवाब नेमका खुर्चीपुढे आडवा उभा राहिला.

"ए नवाब, बाजूला सर! कशाला मदी तडमडायलास?"

गिरदावर ताडकन उठला. "किसकू बोली?"

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. भिमाक्काने एडक्याचं शिंग धरून त्याला बाजूला घेतलं आणि गिरदावराच्या कपाळाकडे बघत राहिली. "साहेब, तीन दिन से पेट साफ नई हुआ ना?"

 गिरदावर खाली बसला. मग हळूच म्हणाला, "तुमकू कैसा मालूम?"

"कपाळावर दिसायलंय की, साहेब."

त्या रात्री पाटलाच्या घरून पुलाव गेला नाही. अंबाडीची भाजी, भाकर आणि ताकाचं गाडगं गेलं. सकाळी भिमाक्काने त्याला खुर्चीतून उठवून, एक तांब्या पाणी पाजून ओढ्यापर्यंत चालत पाठवलं, मागून शिपाई दुसरा तांब्या घेऊन. दोन दिवस हा नेम चालला. जाताना गिरदावर घोड्यावरून आमच्या गल्लीतून गेला. भिमाक्का दारात होती. तिने तोंड उघडायच्या आधीच तो ओरडला, "हो गया अम्मा, हो गया!" आमची गल्ली त्यानंतर आठवडाभर त्याचीच नक्कल करत होती.

अशी ती. मला वाटायचं, लाज नावाची वस्तू देवाने तिच्या वाट्याला दिलीच नाही. तिची सगळी माझ्याकडे आली असावी.

संक्रांत होऊन गेली होती. भिमाक्का मेंढवाड्यात वाकून पाण्याची घागर उचलत होती, आणि नवाबाने मागून येऊन तिला अशी धडक दिली की ती घागरीसकट पालथी पडली. पडली तेव्हा हसत होती. उठायला गेली तेव्हा ओरडली. हाडवैद्याने कमरेला हात लावून सांगितलं, हाड शाबूत आहे, पण तीन आठवडे खाटेवरून उतरायचं नाही. कळ फार होती, म्हणून बिरूने हुमनाबादच्या दुकानातून अफू आणली. मोहरीच्या दाण्याएवढी गोळी सकाळ-संध्याकाळ.

खाटेवर पडूनही तिचं चालूच होतं. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी, "तुमचं झालं का?" आम्ही सांगत होतो आणि हसत होतो. तिला मात्र कुणी विचारलं नाही. आमच्या मनातच आलं नाही. विचारणारी ती आणि सांगणारे आम्ही, अशीच सगळ्यांना सवय.

तिची सून सुंदरा औरादकडची. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी बोलायची, आणि दिवसभर खपायची. दोघींचं भांडण कधी ऐकलं नाही. पण भिमाक्काने सुनेकडून कधी काही करून घेतलं नव्हतं. आपलं लुगडं आपण धुवायचं, आपलं पाणी आपण तापवायचं. "सुनंच्या हातानं उठबस करायची येळ आली तर त्यापरीस मेंढरामागं मेलेलं बरं," असं ती चांगल्या दिवसांत हसत हसत म्हणायची. ते ती मनापासून म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की भिमाक्काला ढाळ, म्हणजे जुलाब, लागले आहेत. शेजारच्या गावात तेव्हा पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, दोन माणसं गेली होती. एका दिवसात गल्ली रिकामी झाली. जे लोक रोज तिच्या खाटेभोवती बसत, ते तिच्या दारावरून पदराने नाक झाकून जाऊ लागले. सासूबाईंनी मला बजावलं, "तिकडं पाऊल टाकायचं न्हाई."

मागच्या परसात मला सुंदराचं धुणं आपटणं ऐकू यायचं. सकाळी ऐकलं, दुपारी ऐकलं, पुन्हा संध्याकाळी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा. मी भिंतीजवळ गेले आणि हळूच हाक मारली.

"सुंदरा, कसं हाय गं आक्काला?"

ती भिंतीपलीकडे रडायलाच लागली. "थोडं थोडं पाणी जायलंय, वैनी. सारखं. तिला कळत बी न्हाई. लुगडी धुऊन हात सोलले माजे. ह्यांनी अफू दुप्पट केलीय, ढाळ बांदतील म्हनून. आज पहाटं दोनदा ओकली."

मी तिथेच उभी राहिले. पटकी झालेलं माणूस मी उदगीरला बघितलं होतं. त्यात पाणी भडाभडा जातं आणि माणूस एका दिवसात चिपाडासारखं होतं. हे थोडं थोडं पाणी काय असावं? आणि मला गेल्या पावसाळ्यातली एक मेंढी आठवली. बिरू म्हणाला होता, तिला ढाळ लागलेत, डाळिंबाची साल घाला. भिमाक्काने मला जवळ बोलावून त्या मेंढीच्या पोटावर माझा हात ठेवला होता. आत दगडासारखं लागलं. ती म्हणाली होती, "बग. हे ढाळ न्हाईत. आत गोळा अडकलाय, आन त्याच्या कडंकडंनं पाणी झिरपायलंय. नाल्यात धोंडा अडकला तर कडंनं पाणी निगतंच की. ह्याला बांदायचं औषद दिलंस तर मेंढी मेली म्हनून समज."

सासूबाई ओसरीवर निवडत बसल्या होत्या. मी मागच्या दाराने निघाले आणि भिमाक्काच्या घरात गेले.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पदराआडून पोटाला हात लावला. डफासारखं ताणलं होतं, आणि डाव्या अंगाला खाली दगड. मी तिच्या कानाशी वाकले. जो प्रश्न ती सगळ्या जगाला विचारायची तो माझ्या तोंडून निघायला किती वेळ लागला ते मलाच माहीत.

"आक्का, हे पाणी सोडून, नीट कवा झालं होतं?"

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. मग घोंगड्याखालून दोन्ही हात बाहेर काढले, दहाही बोटं उघडली, आणि एक मिटलं.

नऊ दिवस.

"वारा सरतोय का?"

तिने मान हलवली. नाही.

"पाणी पीत होतीस का?"

ती पुटपुटली, "पाणी पिलं की हिला उठवावं लागतंय. किती डाव उठवू?"

माझ्या मागे सुंदरा उभी होती. तिने ते ऐकलं.

तेवढ्यात बिरू आत आला, बोटावर अफूची गोळी घेऊन. तोवर मी त्याच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. त्याच्या पायांकडे बघत मी म्हणाले, "बिरूअण्णा, ती देऊ नका."

"वैनी, ढाळ लागलेत तिला. पटकी हाय."

"पटकी न्हाई. नऊ दिवस झाले, पोट उतरलंच न्हाई. आत गोळा हाय, त्याच्या कडंनं पाणी यायलंय. अफूनंच बांधलंय ते. गेल्या पावसाळ्यात तुमच्या मेंढीला झालं होतं तसं."

मेंढीचं नाव काढल्यावर त्याला समजलं. तो गोळीकडे बघत राहिला, मग त्याने ती चुलीत टाकली. माझा आवाज कदाचित वाढला असेल, कारण मामंजी दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "तसं असंल तर पाजा की एरंडेल. चांगलं वाटीभर."

खाटेवरून आवाज आला. "वरनं न्हाई, दादा." बस, तेवढंच.

मामंजी मग वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "पटकी न्हाई रे! गाडी जुंपा!"

गाडीत गवत घालून तिला निजवली. मी उतरायला गेले तर माझा पदर तिच्या मुठीत होता. सासूबाई दारातून बघत होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या आत गेल्या आणि पाण्याची कळशी आणून गाडीत ठेवली. "जा," म्हणाल्या. "तिचं काय सांगायचं ते तुलाच म्हाईत हाय."

मामंजींनी गाडी हाकली; बिरू आणि सुंदराही सोबत होते. हुमनाबादला पोचायला दुपार झाली. वाटेतला प्रत्येक दगड तिच्या पोटात लागत होता. ती ओरडली नाही. मी सुंदराकडे बघत होते, सुंदरा तिच्याकडे. या बाईचं काही झालं तर सगळी गल्ली म्हणेल, पटकीने गेली. आणि आम्ही दोघी जन्मभर जाणून राहू की ती संकोचाने गेली.

सरकारी दवाखान्यात तिला खाटेवर घालून आत आणलं. डॉक्टर मेजामागे बसले होते. सुटाबुटातले, दाढी पांढरी झालेले. त्यांनी बिरूला विचारलं, "क्या होरा?"

बिरू घाबरला होता. वाटेवर सगळं ठरवून आला होता, पण मेज बघितलं आणि जुनंच बोलला. "ढाळ, साहेब. धा-धा येळ. उलटी."

कंपाउंडर दोन पावलं मागे सरला. डॉक्टरांनी बाहेरच्या छपराकडे हात केला. पटकीचे रोगी तिथे ठेवत. दोन माणसं खाट उचलायला पुढे झाली.

खोलीत सात-आठ पुरुष होते. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि बोलले. कोणत्या भाषेत बोलले ते नीट आठवत नाही, थोडं मराठी, थोडं बाजारातलं उर्दू. "साहेब, दस्त नई. नौ दिन से हुआच नई. अफीम खायली. हवा बी बंद हाय. पेट देखो, साहेब. मेहेरबानी करके पेट देखो."

डॉक्टर उठले. खाटेपाशी आले आणि स्वतः पोट दाबून बघितलं. डाव्या अंगाला त्यांचा हात थांबला.

"हौ," ते म्हणाले. "बराबर बोल रई. अंदर लेव. दाई कू बुलाव."

तिला आत नेलं. दवाखान्यातली दाई म्हातारी होती, बाह्या सावरत, तेलाची बाटली आणि साबणाचं कोमट पाणी घेऊन गेली. सोबत सुंदरा गेली. दार लागलं. मी आणि बिरू बाहेर पायरीवर बसलो. मामंजी बैलांना पाणी दाखवत होते, पाजून झालं तरी पुन्हा दाखवत होते. आतून एकदा भिमाक्काचा आवाज आला, कण्हण्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. बिरूने गुडघ्यांत डोकं घातलं.

दार उघडलं आणि दाई बाहेर आली. घामाने भिजली होती, आणि हसत होती. तिला हसू आवरेना.

"क्या औरत है, या अल्ला! इत्ता सब निकाली, जान सुटी उसकी. और पैली बात मेरेकूच पूछी, तुम्हारा सुबू साफ हुआ क्या?"

मामंजी बैलाच्या गळ्यात हात टाकून हसले. बिरू हसता हसता रडायला लागला. खोलीतले ते सात-आठ पुरुष, ज्यांना काही माहीत नव्हतं, तेही हसत होते. मी पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळी डॉक्टर आले. अफू बंद, पाणी भरपूर, फळं, पालेभाजी, दोन दिवस इथेच राहायचं, असं सांगितलं. भिमाक्का उशीला टेकून ऐकत होती. "आन चालनं, साहेब?" ती म्हणाली. "चालनं सांगायचं ऱ्हायलं तुमचं." डॉक्टर म्हणाले, "हौ अम्मा, चलना बी. कमर अच्छी होने के बाद." ते गेल्यावर ती मला म्हणाली, "डाक्टर हुशार हाय. पर मेंढरं पाळली असती तर आनकी हुशार झाला असता."

सुंदरा कोपऱ्यात बसली होती.  ती पुढे सरकली.

"आत्ती, नऊ दिस. मी रोज तुमच्या उशाशी हुते. एक शबुद सांगितला न्हाई. मी काय परकी हाय?"

भिमाक्काने घोंगड्याचं टोक बोटांनी पिळलं.  मग ती म्हणाली, "दुसऱ्याचं इचारनं लई सोपं असतंय गं. आपलं सांगनं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या ओसरीवर होते. आत हालचाल ऐकू आली. भिमाक्काने सुनेपुढे हात केला होता. "धर. लई जड हाय मी. पडशील." सुंदराने तो हात आपल्या मानेभोवती घेतला आणि तिला उठवली. मी तोंड फिरवून बैलांकडे बघत राहिले.

त्यानंतर ती बरी झाली, चांगली हिंडू-फिरू लागली. पुढे माझ्या यजमानांना बिदरला काम मिळालं आणि आम्ही तिथल्या मैलूरला राहायला आलो. निर्ण्याला जाणं लग्नकार्यापुरतं राहिलं.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं म्हणून मी गेले. भिमाक्का फार थकली होती. डोळ्यांनी अंधुक दिसायचं. रात्री जेवणावळीत पंगतीच्या टोकाला बसून ती जिलेबी खात होती आणि वाढप्याला अजून मागत होती. गर्दीत मला तिच्यापर्यंत जाता आलं नाही. म्हटलं, सकाळी भेटू.

सकाळी मी परसात तोंड धूत होते. नुकतं फटफटलं होतं, शेतावर धुकं होतं. निवडुंगाच्या कुंपणाजवळच्या वाटेवर दोघी जणी दिसल्या. सुंदराच्या एका हातात तांब्या होता, दुसरा हात भिमाक्काच्या कमरेभोवती. भिमाक्काचं सगळं ओझं तिच्या खांद्यावर होतं, आणि ती सुनेला दटावत होती, "चल की गं लवकर. मुंगीवानी काय चालायलीस? घट्ट धर, घट्ट!"

"धरलंय, आत्ती, धरलंय."

मी हाक मारली. "आक्का!"

तिला ऐकू गेलं. तिने मोकळा हात डोक्यावर उंच धरून हलवला. पण थांबली नाही, आणि वळूनही बघितलं नाही. ती घाईत होती.